पूर्वछायेची ताई

निकालाच्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा नुसता निवत पडला होता. पूर्वी बरं होतं, मुलं मार्क लपवायची आणि प्रकरण मिटायचं. आता तीही सोय राहिली नव्हती. निकाल म्हणून मोबाइलवर दोन रेषा यायच्या, निळी शाळेची आणि लाल कॉलेजची, एकाच तक्त्यावर शेजारीशेजारी. कोणाची गाडी कुठे घसरली ते चारचौघांत दिसायचं.

शिवकन्या बिरादारची निळी रेषा तक्त्याच्या अगदी डोक्यावरून चालली होती. चालणारच! उदगीरच्या शाळेत दहावीला पहिली आलेली पोर. गावात चौकात तिच्या फोटोचा फलक लागला होता. आणि लाल रेषा? ती बघवत नव्हती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात तीन विषय राहिले होते. आणखी एक राहिला, तर शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे पुण्यातून गाशा गुंडाळायचा.

मार्कांचं दुःख होतंच, पण शिवकन्याला त्याहून जास्त आठवण यायची ती त्या पोरीची. पुस्तक उघडलं की सगळं समजणारी, कोणत्याच पेपरला न घाबरणारी पंधरा वर्षांची शिवकन्या. कुठे गेली मेली?

"अगं, ती कुठेही गेलेली नाही," नाडकर्णी मॅडम म्हणाल्या. त्या कॉलेजच्या समुपदेशक; शिवकन्या त्यांच्या खोलीत येऊन बसली होती. "शाळेत तुम्ही इलेक्ट्रॉनिक पाटीवर लिहायचात ना? कुठे अडलीस, काय खोडलंस, मोठ्यानं काय पाठ केलंस, सगळं त्या पाटीत साठलंय. त्यातून संगणकानं दहावीतली तू पुन्हा उभी केली आहे. पूर्वछाया म्हणतो आम्ही तिला. आता तिच्याशी तुझी जुळणी करायची."

"आणि जुळणी म्हणजे काय करायचं?"

"अभ्यासाला बसताना कपाळाला एक पट्टी लावायची. तुझा मेंदू छायेच्या वळणानं चालला की पट्टीतल्या सौम्य लहरी त्याला शाबासकी देतात. भरकटला की नाही देत. हळूहळू तो भरकटायचंच सोडतो. लाल रेषा निळीला जाऊन भिडते. प्रणोतीचं बघ ना."

प्रणोती शिवकन्याच्या खोलीतलीच. जुळणीनंतर ती वर्गात पहिली आली होती. पूर्वी गप्पांना बसली की उठायचं नाव नाही, आता हाक मारली तर मान वर न करता विचारायची, "कामाचं आहे का काही?"

"आधी छायेशी बोलू द्या," शिवकन्या म्हणाली. मॅडमनी टेबलावरचा स्पीकर सुरू केला.

"नमस्कार ताई!"

शिवकन्या खुर्चीत पुढे सरकली. आवाज तिचाच, पण उदगीरचा, पुण्यानं अजून न घासलेला. "गणित विचारता का विज्ञान? काहीबी विचारा."

शिवकन्यानं गणित घातलं. छायेनं ते बोलताबोलता सोडवलं, वर ताळाही करून दाखवला. काय तो रुबाब! शिवकन्याला तिला उराशी कवटाळावंसं वाटलं.

मग न राहवून तिनं विचारलं, "बाई गं, वारा सुटला की इथल्या नदीवरचा लोखंडी पूल गुणगुणतो. तो का गुणगुणत असेल?"

ह्याच प्रश्नापायी तिचं अख्खं वर्ष गेलं होतं. संध्याकाळ झाली की कठड्याला कान लावून उभी. बाकीचे विषय मग राहणारच की!

"किती मार्कांना हाय?" छायेनं विचारलं.

"मार्कांना नाही."

"मग कशाला विचारायलाव?" छाया हसली आणि एकदम गप्प झाली. मॅडमनी चमकून स्पीकरकडे पाहिलं. छाया कधी गप्प होत नसे. "खरंच गुणगुणतो, ताई? गाण्यासारखं?"

"अगदी. कान लावला की दातांपर्यंत जाणवतं."

"मी नाही बा ऐकलं असलं काही. आमच्या सराव परीक्षा चालू हायेत." शिवकन्यानं नाक ओढलं. "रडायलाव काय, ताई? रडू नका. तुमच्यासारखं कॉलेजात जायचं म्हणूनच तर मी एवढा अभ्यास करायलेय. आता मॅडम म्हणाल्या, मी तुमच्या डोक्यात येणार."

मॅडमनी संमतीपत्राचा टॅब पुढे सरकवला. "अंगठा ठेव, शिवकन्या. घरच्यांचा विचार कर."

घरच्यांचा विचार ती करतच होती. आणि खोटं कशाला बोला, तिला ती पोर परत हवी होती, जीव तुटेपर्यंत हवी होती. तिनं डोळे पुसले आणि अंगठा पुढे नेला.

"ताई, ताई, एकच सांगा," छाया घाईघाईनं म्हणाली. "तुमच्या जागी मी आले, की मग तो पूल मला ऐकू येईल ना?"