हेडक्लार्कचा शेवटचा दिवस

बसा जवळ, आणि मध्ये कुणी बॅटरी मारायची नाही. हे आपल्याच मजल्यावर राहणाऱ्या एका माणसाबरोबर घडलंय. नजर सदा काट्यावर, म्हणून सगळे त्याला घड्याळवाला म्हणायचे.

धंदा काय, तर डिस्क किती भराभर वाचते-लिहिते ते मोजायचं. खऱ्या नोंदी चढवण्याआधी खोटं काम लावून बघायचं. नव्या मांडणीवर भांडी लावण्याआधी विटा रचून फळी वाकते का बघतात ना, तसं.

अकरा जानेवारी, गुरुवार. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत नव्या डिस्क आल्या होत्या. कचेरी रिकामी झाल्यावर, रात्री नऊला घड्याळवाला तिथं पोचला. सकाळी चोख आकडे दिले तर पाच वर्षांचं कंत्राट, नाहीतर गाशा गुंडाळायचा. धाकट्या बहिणीचा नवरा धंद्यात भागीदार. तो आतून दुसऱ्या कंपनीला मिळालाय, असा किडा याच्या डोक्यात शिरलेला. भिंतीला कान लावायची गरजच नव्हती, एवढ्या मोठ्यानं भांडत दोघं.

तर खोटं काम खऱ्यासारखं हवं. म्हणून तो कारकुनाच्या एखाद्या दिवसाची नक्कल लावायचा. फाइल कधी उघडली, किती वाचलं, किती लिहिलं. नुसती चाल, मजकुराच्या जागी अगडंबगडं अक्षरं. त्या रात्री त्यानं हेडक्लार्कच्या यादीतला शेवटचा दिवस उचलला. ताजा म्हणून. कुणाला विचारलं नाही. अख्खा दिवस दोन तासांत पळवला.

बरोबर साडेअकराला पडद्यावर आलं, ‘काम पूर्ण.’

डिस्कचा दिवा मात्र लुकलुकतच होता, पडद्यावर ओळी येतच होत्या. वाचन. लेखन. परत वाचन.

आकडे बिघडायला लागले. घड्याळवाल्याचं डोकं सणकलं. पासवर्ड त्याला आणि मेहुण्यालाच माहीत! त्यानं फोन लावला. बहिणीनं उचलला.

“दादा? एवढ्या रात्री?”

“तुझ्या नवऱ्याला म्हणावं, घरी बसून काड्या घालणं बंद कर.”

“अरे, ते दहालाच झोपलेत. घोरणं ऐकवू?”

ऐकवलं. करवत चालल्यासारखं.

“नाटकं चांगली जमतात! उद्यापासून त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. भागी संपली.”

“दादा, आमची चूल त्यावर आहे रे...” यानं फोन ठेवला, आणि बाहेरून येणारी केबल उपटली.

आता बोल, बेट्या!

दिवा लुकलुकला.

वाचन... लेखन... वाचन.

तो खाली वाकला. हा यंत्राचा वेग नव्हता. मध्येच थांबणं. विचार केल्यासारखं. मग चार अक्षरं. मग पुन्हा थांबणं...

मागून वॉचमन चहा घेऊन आला. पडद्याकडे बघत राहिला.

“साहेब, हे तर आमच्या हेडक्लार्कसारखं. लिहायचे की परत वाचायचे. एक नोंद चुकू द्यायचे नाहीत.”

“द्यायचे?”

“गेले ना. खुर्चीतच. चार चाळीसला. कचेरी सुटायला पन्नास मिनिटं होती.”

घड्याळवाल्यानं नक्कल तपासली. शेवटची ओळ. चार चाळीस.

पुढं काही नाही.

चहावर साय धरली.

बारा वीस. साडेअकरापासून बरोबर पन्नास मिनिटं.

दिवा थांबला. आपणहून.

त्यानं बहिणीला पुन्हा फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला; रडत बसली होती बिचारी. “त्याला उठव. म्हणावं, माझं चुकलं. पाया पडतो, पण मला न्यायला ये. एकट्याला जिना उतरवत नाहीये.”

मेहुणा आला, केस विस्कटलेले, शर्ट उलटा. “दादा, चोर म्हणून हाकललंत, आता पालखीत घालून नेऊ?” पण याचं तोंड बघून खुर्ची ओढून शेजारी बसला. दोघांनी मिळून अहवाल उघडला. जादा काम कुठून आलं, ते त्यात लिहून येतं.

टेबल तीन.

“छे,” वॉचमन म्हणाला, “ते हेडक्लार्कचं टेबल. ते गेल्यावर, दोन महिन्यांपूर्वीच तिथला कॉम्प्युटर काढून नेलाय.”

तिघं गेले. बॅटरी मारली. रिकामं टेबल. वर दोन महिन्यांची धूळ, बोटभर.

त्या धुळीत, टेबलाच्या कडेशी, टाइप करताना टेकवतात तशा... दोन मनगटांच्या खुणा.

ताज्या.