गुलाबी मिठागर

"स्लाइडचा रोल धुवून मिळेल?"

अलिबागच्या एसटी स्टँडामागच्या स्टुडिओत कल्पिताने मान वर केली. गिऱ्हाईक पायरीवरच ओळखावं, तर तिनेच. लग्न जमवायला फोटो हवा असलेला आधी भांग सारखा करतो, नोकरीच्या अर्जाला हवा असलेला घड्याळ बघतो. हा मात्र ना आरशाकडे बघत होता, ना घड्याळाकडे. हा तिच्याकडेच...

"मिळेल. मुंबईला पाठवावा लागतो. पण अहो, मोबाईल असताना..."

"आजोबांचा प्रोजेक्टर मोबाईल खात नाही."

निकेत पेणचा. आजोबा हिरामण यांचं मिठागर यंदा भरावाखाली गेलं. गुडघे धरल्यापासून म्हातारबुवा ते घरातल्या भिंतीवरच बघायचे. या रोलात आगराचा शेवटचा हंगाम होता. आणि मुंबईच्या लॅबने कळवलं होतं, स्लाइडचं रसायन या खेपेपुरतंच, पुढे बंद.

"मग जपूनच पाठवते हं," म्हणत ती पाकिटावर लिहू लागली. खारा वारा दारातून आत येत होता, बट सारखी डोळ्यांवर आणत होता.

"निकेत... पुढे?"

"पुढे तुम्ही म्हणाल ते."

"आडनाव विचारतेय!"

"मग म्हात्रे."

हसू दाबण्याच्या नादात एक काम राहून गेलं. पाकिटावर लाल शाईने 'स्लाइड' लिहायचं, ते तिने लिहिलंच नाही. लॅबने रोल साध्या निगेटिव्हच्या रसायनात घातला. स्लाइडऐवजी निगेटिव्ह परत आल्या. तिने त्यांचे प्रिंट काढून पाहिले, तर खाडी हिरवीगार, आभाळ जांभळं आणि मिठाच्या राशी... गुलाबी!

"चूक माझी," तिने निकेतला सरळ सांगितलं. "लॅबची नाही."

तो प्रिंट घेऊन गेला. मग आठ दिवस पत्ता नाही. पेणची गाडी लागली, की कल्पिताची मान आपोआप दाराकडे वळे.

नवव्या दिवशी तो पायरीवर उभा.

"आजोबा म्हणाले, 'बरोबर हाय. दिस बुडताना आगर असंच दिसं. तुझं आधीचंच फोटू खोटं, पोरा.'"

तिचा जीव भांड्यात पडला. मग राग आला. "हे सांगायला आठ दिवस?"

"लाज वाटत होती."

"तुम्हाला? कसली?"

"तुम्ही 'स्लाइड' लिहिलं नाहीत, ते मी बघितलं होतं. सांगणारच होतो... तेवढ्यात तुम्ही पेनानेच बट कानामागे सारलीत—"

"आणि?"

"आणि राहिलंच."

बाहेर नारळाच्या झावळ्या सळसळल्या. कल्पिताला उगाचच काउंटर पुसावासा वाटला.

"आता स्लाइड बंद," तो हळूच म्हणाला. "इथे यायला निमित्त काय काढू?"

"बसा त्या स्टुलावर. पासपोर्ट फोटो काढते. आठ कॉप्या."

"आठ घेऊन करू काय?"

"एकदम कोण देतंय?" कॅमेऱ्यामागे डोळे लपवत ती म्हणाली. "दर रविवारी येऊन एकेक न्यायची."

"आणि आठ संपल्या की?"

"हनुवटी जरा वर... मग जोडीचा काढू. हलू नका!"

तो हललाच. पहिला फोटो वाया गेला.