लबाडाला नंबर मिळाला

मी ढकललेलं दार नेमकं त्याच्या कपाळावर बसलं. मी चहाचा कप घेऊन बाहेर पडत होते, तो हातात कागद घेऊन आत येत होता. थोडा चहा त्याच्या शर्टावर, थोडा कागदांवर... आणि त्याने विचारलं काय, तर —

"फोटो मोजणारे गृहस्थ कुठे बसतात?"

"गृहस्थ नाहीत. मीच आहे."

"अरे! मग... तुमचा लघुग्रह हरवलाय."

हा आमच्या वेधशाळेत नुकताच आलेला गणित्या. वरच्या मजल्यावर बसून तो कक्षा काढायचा आणि खाली मी दुर्बिणीचे फोटो तपासायचे. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो आलटून पालटून पडद्यावर बघायचे. तारे ढिम्म हलत नाहीत. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एखादा लघुग्रह असला, की तेवढा ठिपका टुणकन पुढे सरकतो. असाच एक मला गवसला होता. कुणालाच माहीत नसलेला, माझा पहिला! आणि हा म्हणत होता, गणिताने सांगितलेल्या जागी तो नाहीच.

"तुमचं गणित चुकलं असेल," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"असेल की." तो कपाळ चोळत हसला. "बसू का जरा?"

बसला, आणि मीच तोंडघशी पडले. पहिल्या आणि शेवटच्या फोटोंत मी माझा ठिपका मोजला होता. मधल्या फोटोंत मात्र जवळून चाललेला भलताच, आधीपासून माहीत असलेला लघुग्रह धरला होता.

"म्हणजे दोघांना परस्पर एकाच वाटेला लावलंत," तो म्हणाला. "त्यांना विचारलं तरी होतं का?"

मला लाजही वाटली आणि हसूही आवरेना.

लघुग्रह हातचा गेला, तर पुढे ज्याला सापडेल तो त्याचा शोधक ठरणार होता. मग आम्ही दोघं जुने फोटो धुंडाळायला बसलो. तो अंदाजे जागा सांगायचा, मी बघायचे. एका पावसाळी दुपारी एका मोठ्या ताऱ्याच्या आडून ठिपका सरकला आणि आम्ही एकदमच ओरडलो, "लबाड!"

तेच त्याचं लाडाचं नाव पडलं. खरं नाव द्यायला मात्र आधी लघुग्रहांच्या अधिकृत यादीतला नंबर लागतो, आणि कक्षा पक्की झाल्याशिवाय नंबर मिळत नाही. लबाडाला सूर्याभोवती एक फेरी मारायला चार वर्षांहून जास्त वेळ लागे, म्हणून वर्षानुवर्षं त्याला पुन्हा पुन्हा टिपावं लागणार होतं. तो दिसू लागला की गणित्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी हजर. पुढे पुढे लबाड दिसत नसतानाही यायचा... "सहज." कधीतरी तुम्हीचं तू झालं.

घरी ताई चिडवायची, "लघुग्रहाचं राहू दे गं, त्या माणसाचं कधी पक्कं होणार?"

मी हसण्यावारी न्यायचे. पण तो मला मनापासून आवडत होता, आणि धास्ती एकच होती. नंबर मिळाला की तो कशाच्या निमित्ताने खाली येणार?

शेवटी नंबर मिळाला. सांगायला तोच धावत आला, धापा टाकत.

"अभिनंदन! झालं आपलं काम."

'झालं' ऐकून मी उगाचच पडदा पुसायला लागले.

"आता नाव सुचव," तो म्हणाला. "स्वतःचं चालत नाही हं."

"तुझं देणार आहे."

"माझं? छे, अजिबात नको! लोक म्हणतील, बघा, नवऱ्याचं नाव चिकटवलं —"

तो एकदम थांबला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"कुणाच्या नवऱ्याचं?" मी विचारलं.

"म्हणजे... मला म्हणायचं होतं की... तुझी हरकत नसेल तर..." एवढी गणितं सोडवणारा माणूस, पण एक वाक्य धड पुरं होईना.

मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! मी त्याचा हात घट्ट धरला.

"म्हणू देत की लोकांना," मी म्हटलं.