मागच्या दाराच्या बादल्या

ही हकीकत खोटी ठरवायची असेल तर खुशाल ठरवा. तुम्ही माझ्या तुळसाआत्याला पाहिलेलं नाही. तिला रचून सांगणं जमायचं नाही. जे पाहिलं ते ती फटकन बोलायची, मग समोरच्याला झोंबलं तरी बेहत्तर.

साल १९३२. रत्नागिरी बंदराजवळची खोबऱ्याची आणि काथ्याची वखार.

आणि वेळ... भर दुपारची.

आदल्या वर्षी या वखारीत आग लागली होती. त्यामुळे मुंबईहून बोटीने विम्याचा साहेब तपासणीला यायचा होता. त्याचा हुकूम आधीच आला होता. मागच्या दारासमोर रचलेले काथ्याचे गठ्ठे हलवून वाट मोकळी करा. दोन्ही दारांशी पाण्याच्या बादल्या टांगा, आणि त्या कायम भरलेल्या ठेवा.

हे पाणी भरायचं काम आत्याला मिळालं. शिमग्यानंतर ती पावस गावाहून नवीच आली होती. नवरा मुंबईला गिरणीत गेलेला, त्याचा ठावठिकाणा नाही. पदरात लेकरं. हे काम गेलं की चूल बंद, इतका साधा हिशोब होता.

गठ्ठे हलवले त्याच दिवशी सुरुवात झाली.

सकाळी काठोकाठ भरलेल्या बादल्या आत्याने दुपारी पाहिल्या तर... रिकाम्या.

फक्त मागच्या दाराजवळच्या. पुढच्या दाराशी थेंब हललेला नाही.

खाली जमीन कोरडी. तिने एकेक बादली उजेडाकडे धरून पाहिली. कुठे भोक नव्हतं.

पुन्हा भरल्या. दुसऱ्या दिवशी तेच.

मुकादम रावजी तिच्यावर खेकसला, "काय गो तुळसे, पाणी भरतेस की नुसती मिरवतेस?"

"भरलंय मी. देवाशपथ."

"मग प्यायलं कोण, मी? साहेब यायच्या आत नीट कर, नायतर दुसरी बाय बघतो."

दुसरी बाई म्हटल्यावर आत्याचं डोकं चालू लागलं. वखारीत खोबरं निवडायला काशी नावाची एक विधवा होती. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही. तिच्या भाचीला काम हवं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत माणसं बाहेर सावलीला जात. काशी मात्र मागच्या दारापाशी रेंगाळायची.

"हीच ती मेली," आत्याने मनाशी पक्कं केलं.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी तिने विहिरीवर न जाता मागच्या बादल्या समुद्राच्या पाण्याने भरल्या. चोरलेलं पाणी कुणी तोंडाला लावलं, की बोंब मारणारच. सुट्टी झाली तशी ती बाजूला हलवलेल्या गठ्ठ्यांच्या आड दबून बसली.

काशी आली. दाराजवळच्या जमिनीवरून हात फिरवला. बादल्यांकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे पुसत बाहेर निघून गेली.

आता वखारीत आत्याशिवाय कुणी नव्हतं.

आणि मग...

घट्... घट्... घट्...

कुणीतरी अधाशासारखं पाणी पीत होतं.

बादली खुंटीवरच होती. आत्या आडोशातून उठून तिच्यात वाकून बघत होती आणि पाणी खाली खाली जात होतं.

एकदम आवाज थांबला.

मग ओकारी काढल्याचा आवाज. आणि मग... अगदी तिच्या जवळून, घसा सोलवटल्यासारखा एक आवाज...

"गोडं पाणी दे गो..."

आत्या बाहेर कशी पोचली ते तिला कधीच सांगता आलं नाही. तिने काशीचा दंड धरला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. पाणी खारं होतं हेही सांगितलं.

काशी मटकन खाली बसली.

"माझा लेक धोंडू गो तो. आगीत त्याच दाराशी गठ्ठ्यांत अडकून भाजला. पाणी मागीत होता सारखा. सगळी म्हणाली, भाजलेल्या माणसाला पाणी पाजू नको, लगेच जाईल. मी तांब्या भरून हातात घेऊन बसले. दिलं नाय. तरी गेलाच."

ज्या बाईला आत्या मनातल्या मनात शिव्या घालत होती, तिच्याशेजारी ती खाली बसली. तिला फार लाज वाटली.

"उद्या तुझ्या बादल्या भरलेल्या राहतील," काशी म्हणाली. "तू पोरांची काळजी कर."

दुसऱ्या दिवशी साहेबाची बोट लागली तेव्हा काशी मागच्या दारापाशी एकटी बसली होती. हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या. तिने आत्याला दार बाहेरून ओढून घ्यायला लावलं.

आत्या दाराला कान लावून होती. आधी ते घट् घट्. मग काशीचं हळू बोलणं.

साहेब आला. बादल्यांत हात घालून पाहिला. सगळ्या काठोकाठ. मान डोलावली आणि पुढे गेला. रावजीने आत्याला तिथल्या तिथे सांगितलं, काम कायम.

पण काशी कोपऱ्यात उजवा हात पदराखाली धरून बसली होती. आत्याने पदर बाजूला केला. मनगटावर फोड आले होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

"रागावलाय का गो तो?" आत्याने विचारलं.

"नाय," काशी म्हणाली. "पाणी संपलं तरी हात सोडीना."

काशीच्या म्हातारपणी मी ते डाग पाहिलेत. मी लहान होतो, न राहवून बोट लावलं.

तिचं बाकीचं अंग गार होतं. डाग मात्र गरम लागले.