थिरीच्या नावाचं पाणी

हीटर राहू दे रे अमेय, तो मोठा दिवा तेवढा घालव. डोळ्यांवर येतो. हां. सुखदा, तू अशी इकडे सरक. सांगतो ते आपल्या धम्मपालचं आहे. पापाटोएटोला आपण वंदनेला जमतो त्या हॉलवर चहाचं बघतो ना, तोच. उगाच बाता मारणारा माणूस नाही तो.

मागची आषाढ पौर्णिमा. गुरुवार होता. जगाच्या या दक्षिण टोकाला आषाढ म्हणजे ऐन हिवाळा. थंडी अशी की गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या. हॉलवरची वंदना आटोपली, भांडी धुऊन झाली, आणि धम्मपाल ऊ ल्विन अंकलना घरी सोडायला निघाला. फ्लॅट बुशला त्याच्या पलीकडच्याच गल्लीत राहायचे ते. काम एवढंच.

अंकल ब्रह्मदेशातले. तिकडचे मोठे लेखक. लष्कराने राज्य बळकावलं, तेव्हा यांनी त्याविरुद्ध लिहिलं. एका पहाटे शिपाई आले. अंकल मागच्या दाराने निसटले. पुढचं दार मुलीने उघडलं. थिरी तिचं नाव, कॉलेजात शिकणारी पोर. तिला नेलं ते नेलंच. कुठल्या तुरुंगात नाही, कुठल्या दवाखान्यात नाही. अंकल रानातून सीमा ओलांडून, कसेबसे इथे पोचले. पण इथेही रात्री पुढच्या दाराला कडी लावायचे नाहीत. बाहेरचा दिवा पहाटेपर्यंत चालू. घरमालक कुरकुरायचा, तर म्हणायचे, "मुलगी यायची आहे माझी. अंधारात घर कसं सापडेल तिला?"

आता आपण नि ते, दोघेही बौद्ध; एक रीत सारखी. गेलेल्याच्या नावाने भन्तेजी पुण्यानुमोदन करतात, भांड्यातलं पाणी सावकाश वाटीत ओततात. त्या पाण्याबरोबर आपलं पुण्य त्याला पोचतं. धम्मपालच्या मनात आलं, म्हाताऱ्याचा जीव किती दिवस असा टांगून राहणार? त्या संध्याकाळी वंदनेआधी त्याने परस्परच भन्तेजींना थिरीचं नाव सांगितलं. नाव घेतलं गेलं. पाणी पडलं. अंकलनी मान वर करून पाहिलं.

काय म्हणालीस सुखदा? 'ही शुड हॅव आस्क्ड'? हो गं बाई. विचारायलाच हवं होतं.

गाडी इरिरंगी ड्राइव्हच्या मोठ्या रस्त्याला लागली. मग अंकल म्हणाले, "धम्मा, ती मेली असं कोणी सांगितलं तुला?"

"अंकल, मला वाटलं तुमच्या मनाला जरा…"

"लोकांना वाटतं मी इथे रडत बसलोय. अरे, मी काम करतो. तिला जिवंत ठेवायचं काम. सकाळी उठून तिच्या वाटचा चहा करतो. बंदूकवाल्यांना जे जमलं नाही, ते तू वाटीभर पाण्यात केलंस."

"चुकलो मी, अंकल."

"मी लिहिलं. खाली नाव माझं होतं. दार तिने उघडलं. त्यानंतर एक ओळ लिहिली नाही मी. लिहायला बसलो तर तिचं मरण लिहावं लागेल…"

सिग्नल लागला. सुटला. गाडी हलली.

टिंग… टिंग… टिंग…

समोर लाल खूण पेटली. मागच्या डाव्या सीटवर कोणीतरी बसलंय, पट्टा लावलेला नाही.

धम्मपालला वाटलं, चहाचा थर्मास असेल. हात मागे नेऊन चाचपलं. सीट रिकामी. थर्मास डिकीत होता.

त्याने गाडी कडेला घेतली. आतला दिवा लावला. कोणी नाही.

टिंग… टिंग…

मग वास आला. चंदनासारखा, गार. त्यांच्याकडच्या पोरी थनाखा म्हणून एक खोड सहाणेवर उगाळून त्याचा पिवळसर लेप गालांना लावतात. तो वास.

अंकल मागे वळले नाहीत. समोर बघतच, त्यांच्याकडच्या भाषेत काहीतरी बोलले. अगदी हळू.

मागे… खट्.

टिंग थांबलं.

"काय… काय म्हणालात?" धम्मपालने विचारलं.

"पट्टा लाव, बाळ. लहानपणापासून सांगावं लागायचं." अंकलनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतूनच म्हणाले, "आली रे. जिवंत असती तर… अशी नसती आली."



घर आलं. बाहेरचा दिवा चालू होता. अंकल उतरले. मागचं दार उघडून धरलं. आत… खट्. पट्टा सुटला. जरा थांबून त्यांनी दार हलकेच लोटलं. मग पायवाटेच्या एका कडेने चालत गेले, शेजारी माणसापुरती जागा ठेवून.

आत गेल्यावर कडी लागली. गाडीपर्यंत ऐकू आली.

आणि बाहेरचा दिवा… गेला. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

सकाळी धम्मपालची धाकटी, गौतमी, शाळेला निघाली. मागच्या डाव्या सीटवर चढली आणि थबकली.

"बाबा, हूज फेस इज धिस?"

काचेवर, आतल्या बाजूने, तिच्या डोक्याच्या बरंच वर, एक पिवळसर गोल ठसा होता. झोपेत गाल टेकावा तसा.

धम्मपालने बोट लावून पाहिलं.

ओला होता.