माणूस निघाला आहे

यातलं काहीही रचलेलं नाही. रचायचं असतं, तर मी स्वतःला यातून आधी वगळलं असतं.

चार वर्षं झाली. रविवार होता. भर दुपार. रात्रीबित्रीचा काही संबंध नाही.

माझी थोरली बहीण तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारी घ्यायची. तळघरातली एक खोली, एक कॉम्प्युटर, भिंतीवर मिस्त्रींचे नंबर. कोणी अडकलं की लिफ्टमध्ये लिहिलेल्या नंबरावर मेसेज करायचं. मिनिटभरात उत्तर गेलं नाही की साहेब ताईच्या डोक्यावर बसायचे.

"अरे, घोटभर चहा प्यायची सोय नाही," ताई एकदा वैतागून म्हणाली. "तू एवढा कॉम्प्युटरवाला. कर ना काहीतरी."

मी केलं.

एक शेल स्क्रिप्ट लिहून दिली. म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने लिहून दिलेले हुकूम. चौदा ओळी. कुठलाही मेसेज आला की अर्ध्या मिनिटाने एकच उत्तर पाठवायचं.

'घाबरू नका. माणूस निघाला आहे.'

समोरच्याने काय लिहिलंय ते ती वाचतही नव्हती. उत्तर गेलं की ताई सावकाश मिस्त्रीला फोन करायची. माणूस खरोखर निघायचा, फक्त चार मिनिटं उशिरा.

महिनाभर छान चाललं.

त्या रविवारी साडेबाराला शेजारणीचा फोन आला. माझी भाची झोपाळ्यावरून पडली होती, हनुवटी फाटली होती. ताई होती तशी पळाली. स्क्रिप्ट चालूच होती. सुट्टीच्या दिवशी कोण अडकतंय, असं तिला वाटलं.

टाके घालून झाले, पोर शेजारणीकडे झोपली. ताई परत आली तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

पडद्यावर मेसेज होते. सगळे एकाच नंबरावरून.

बारा पन्नास. 'लिफ्ट बंद पडली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये आहे. फोन लागत नाही, मेसेज जातायत.'

खाली उत्तर. घाबरू नका. माणूस निघाला आहे.

मिस्त्री दहा मिनिटांवर, आपल्या घरी होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

एक पाच. 'अजून कोणी आलं नाही.'

घाबरू नका. माणूस निघाला आहे.

एक नऊ. 'आला वाटतं. वरच्या फटीतून बूट दिसतायत.'

ताईने ती ओळ दोनदा वाचली.

कोण आला...?

घाबरू नका. माणूस निघाला आहे.

एक दहा. 'हाक मारली. ओ देत नाही.'

घाबरू नका. माणूस निघाला आहे.

एक चोवीस. 'आता चौघं आहेत. नुसते उभे आहेत.'

घाबरू नका. माणूस निघाला आहे.

एक एकतीस. 'हात जोडते. आणखी कोणाला पाठवू नका.'

घाबरू नका. माणूस निघाला आहे.

मग बराच वेळ काही नाही.

ताई उभ्या उभ्याच वाचत होती. तेवढ्यात नवा मेसेज आला...

'आतला दिवा गेला. ते वाकून बघतायत.'

ताईने खुर्ची ढकलली, कीबोर्ड ओढला, स्क्रिप्ट बंद केली.

पण त्याआधी उत्तर गेलं होतं.

तिने मिस्त्रीला पळवलं. मग मला फोन लावला.

"तुझी ती स्क्रिप्ट कोणाला फोन करते का रे?"

"नाही गं. तिला फोन करताच येत नाही."

"मग कोण गेलं तिथे?"



पुढचं मिस्त्रीने सांगितलं. ती ऑफिसांची इमारत, रविवारी बंद. जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप. रखवालदाराने ते त्याच्यासमोर उघडलं. सकाळपासून एक बाई सोडली तर कोणी वर गेलं नाही, असं तो शपथेवर सांगत होता. बाई दातांच्या दवाखान्यात कामाला होती, झाडांना पाणी घालायला आली होती.

पाचव्या मजल्यावर कोणी नव्हतं.

मिस्त्रीने लिफ्टचं दार सरकवून खाली बॅटरी मारली. बाई कोपऱ्यात, पर्स छातीशी धरून बसली होती. त्याने हात खाली केला. तिने धरला नाही.

"तू कितवा?" तिने विचारलं.

"बाई, मी मिस्त्री. लिफ्टचा."

"बोल. काहीतरी बोलत राहा."

तो बिचारा मनाला येईल ते बोलत राहिला. बायकोचं आजारपण, मोटारसायकलचा पंक्चर टायर. तेव्हा कुठे तिने हात धरला.

तीन दिवसांनी बाई ताईच्या ऑफिसात आली. मीही होतो. आता ही आमचे वाभाडे काढणार, असं वाटलं. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

ताईला रडू फुटलं. "मी जागेवर नव्हते हो. ते उत्तर आपोआप जात होतं. मी कोणालाच पाठवलं नव्हतं."

"स्क्रिप्ट मी लिहिली होती," मी म्हणालो.



"खोटं बोललात ते मी गिळलं," बाई म्हणाली. "पण ते सहा जण कोण होते, तेवढं सांगा."

"सहाच होते? नक्की?" मी विचारलं.

"दीड तास त्यांच्या बुटांकडे बघत होते मी. चूक होणार नाही. मिस्त्रीची चाहूल लागली तसे एकेक करून वर गेले. सहावा जाईपर्यंत मोजलं. त्याच्यामागे कोणी नव्हतं."

ती गेल्यावर ताईने मेसेज उघडले. आम्ही बोट ठेवून उत्तरं मोजली. पुन्हा मोजली.

सात होती.

सातवं ताईच्या डोळ्यांदेखत गेलेलं. सातवा पोचायच्या आत बाई मिस्त्रीबरोबर खाली उतरून आली होती...

ताईने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. आम्ही या विषयावर बोलत नाही. पण परवा माझ्या दाराची बेल वाजली. मी आतून तीनदा विचारलं, "कोण आहे?"

कोणी ओ दिली नाही.

मी दार उघडलं नाही. फटीतून खाली बघायचीही हिंमत झाली नाही.