रंग सोडणारा टायगर

"मॅडम, तुमचा सगळ्यात बारीक ब्रश जरा द्याल का? रणगाडा रंगवायचाय."

सांगलीतल्या श्रद्धाच्या नेल आर्ट पार्लरमध्ये आजवर कुणी असं काही मागितलं नव्हतं. एक तर तिथं पुरुषमाणूस यायचाच नाही. आलाच तर बायकोची वाट बघत बाहेर गाडीवर बसून राहायचा. आणि हा उंचपुरा गडी बूट काढून थेट आत आलेला! श्रद्धाच्या हातात एका होणाऱ्या नवरीचं बोट होतं. ती नवरी खुदकन हसली आणि करंगळीवरचं फूल बिघडलं.

"काय रंगवायचंय?" श्रद्धानं विचारलं.

त्यानं बुटाच्या खोक्यातून वीतभर लांबीचा करड्या प्लॅस्टिकचा रणगाडा काढला आणि दोन्ही हातांवर धरून पुढं केला. "जर्मन हाय. टायगर. दुसऱ्या महायुद्धातला. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. चाकं, साखळी, समदं मीच जोडलंय. स्टेशनरीवाला म्हणला, इतका बारीक ब्रश नखं रंगवणाऱ्या मॅडमकडंच मिळंल."

"खेळणं आहे का?"

"खेळणं न्हाई." तो जरा दुखावल्यासारखा झाला. "मॉडेल हाय."

मग त्याची नजर भिंतीवरच्या बाटल्यांवर गेली आणि तिथंच अडकली. कंपन्यांची इंग्रजी नावं गिऱ्हाइकांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून श्रद्धानं प्रत्येक बाटलीवर स्वतःच्या अक्षरात नाव चिकटवलं होतं. हळद. वीट. कढीपत्ता. जांभूळ. गूळ. पठ्ठ्या एकेक नाव असं मन लावून वाचत होता, की जणू बारावीचा निकालच लागलाय!

"ही नावं... तुमी लिवली?"

"मग कोण लिहिणार?"

"लय भारी," तो हळूच म्हणाला. मग एकदम, "मॅडम, टायगरला पण हळद, कढीपत्ता आन् वीट असंच पाहिजे बघा. तुमीच लावून दिलं तर?"

आता नाही म्हणायचं सोडून श्रद्धा हो का म्हणाली, हे तिचं तिलाही कळलं नाही. त्यानं खिशातून रंगाच्या डब्या काढल्या. वरची नावं ऑइलच्या हातांनी पुसून गेलेली. तिनं झाकणं उघडली, हळदीच्या रंगात थोडी राखाडी मिसळली, एका कोपऱ्यावर लावून पाहिली. थोडा रंग बाहेर गेला, म्हणून सवयीनं नेल रिमूव्हरचा बोळा उचलला...

"आवं नको! वितळंल त्यो!"

आणि त्यानं तिचं मनगट धरलं. एक क्षणभरच. मग चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव पृथ्वीराज. साताऱ्यापलीकडच्या गावचा. ऊसतोडणीची यंत्रं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायला तो आटपाडी, कवठे महांकाळ असा फिरायचा आणि शनिवारी घरी जाताना वाट वाकडी करून सांगलीत थांबायचा. घरात सगळे फौजी. पणजोबा इटलीत लढून आलेले. तिथं चिखलात रुतलेला टायगर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता म्हणे, आणि ती गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात. वडील लालासाहेब रणगाड्यांच्या रेजिमेंटमधून निवृत्त. थोरला भाऊ सीमेवर. "आणि तुम्ही?" असं तिनं विचारलं, तेव्हा तो "भरतीत मेडिकलला राहिलो" एवढंच म्हणाला आणि साखळीची एक कडी उगाच तपासत बसला.

श्रद्धाची आई चंदनबाला आतून डोकावून गेली. "आपण मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी माणसं, आणि तू तोफा रंगवतेस होय गं?"

"आई, ती उडत नाही. प्लॅस्टिकची आहे."

"उडत नसली तरी नेम धरलाय की तिनं!" असं म्हणून आई आत गेली. श्रद्धानं तोफेच्या नळीकडं पाहिलं. नळी बरोबर तिच्याकडंच वळलेली होती.

पहिल्या शनिवारी तो भेळ घेऊन आला तेव्हा दिवस मावळला होता. "आम्ही सूर्यास्तानंतर खात नाही," ती म्हणाली. तो ओशाळला. पुढच्या शनिवारी पठ्ठ्या उन्हं असताना हजर! कपाळावर घाम, बुटांना आटपाडीची धूळ. "लवकर खावा, अजून ऊन हाय." आता एवढी आठवण कुणी उगाच ठेवतं का? तुम्हीच सांगा. श्रद्धा भेळ खाता खाता हेच स्वतःला विचारत होती.

पण दुसऱ्याच मिनिटाला तो असं काही बोलायचा, की सगळंच मुसळ केरात. तिनं मुद्दाम त्याच्यासाठी पोपटी ड्रेस घातला, केसांत अबोली माळली. तो बघत राहिला. ती मनातून फुलली. आणि तो म्हणाला, "हा चॉकलेटी ड्रेस लय शोभतो तुमाला."

चॉकलेटी! ही काय थट्टा म्हणायची? चेहऱ्यावर तर थट्टेचा मागमूस नाही!

आणि प्रत्येक गोष्टीत तिचंच मत. "हे झाडासारखं दिसतंय का?" "हितं वीट जास्त झालीय का वो?" असं तो खूप हळू, खूप जवळ येऊन विचारायचा. श्रद्धा ब्रशच्या टोकानं वळणदार पट्टे ओढायची आणि तो श्वास रोखून बघायचा... पट्ट्यांकडं की बोटांकडं, देव जाणे.

भांडणंही व्हायची. रंग चढल्यावर ती म्हणायची, आता वरून चकाकी मारू. त्याला पाहिजे चिखल! कृष्णाकाठची माती वस्त्रगाळ करून आणलेली पुडीच त्यानं एकदा तिच्यापुढं ठेवली.

"एवढं सुंदर रंगवलं आणि आता माती फासू?"

"लढाईतनं आलाय त्यो. लग्नातनं न्हाई."

"माझ्याकडून जे जातं ते लग्नालाच जातं!" ती फणकारली. तो हसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. तेवढ्या खळीसाठी श्रद्धानं टायगरच्या चाकांना मुकाट्यानं माती फासली.

पण एक गोष्ट तिला छळत होती. हा टायगर रंग सोडायचा. दर शनिवारी खोकं उघडावं, तर कुठं तरी पट्टा गेलेला. कधी मागची बाजू, कधी वरचा फिरता बुरुज. नवरींच्या नखांवरचा तिचा रंग हळदी, मांडव, सत्यनारायण सगळं पार पाडायचा, आणि इथं आठवडाभर टिकू नये? तिनं तो साबणानं धुतला, रंगाखाली प्रायमर दोनदा मारला. छे!

"प्लॅस्टिकच तसलं," तो खाली बघून म्हणायचा. "लावा परत. घाई कुठाय?"

घाई होती. इचलकरंजीचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर ओळखीचं, आईला पसंत. "दसऱ्यापर्यंत काय ते सांग," आई म्हणाली, "लोकांना किती दिवस लटकत ठेवायचं?" श्रद्धा काय सांगणार? ज्याच्यासाठी नाही म्हणायचं, त्यानं एका शब्दानंही काही म्हटलेलं नव्हतं. तो आपला चिखल, गंज आणि साखळीवर तास तास बोलायचा. तिनं एकदा मुद्दाम सांगितलंही, "दसऱ्यानंतर माझं कदाचित ठरेल." त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. आणि तो बोलला काय? "मग खंडेनवमीच्या आत टायगर पुरा करू या."

माणूस आहे की दगड! तिला रडावं की हसावं कळेना.

तरी ती खंडेनवमीला साताऱ्याच्या एसटीत बसली. त्यानंच बोलावलं होतं. "तुमच्या हातचं काम हाय. तुमी पायजेच."

त्यांच्या घरी त्या दिवशी शस्त्रं पुजतात. पाटावर पणजोबांची तलवार, लालासाहेबांची पदकं, थोरल्याचा जुना पट्टा, शेजारी विळा आणि कोयता. दर वर्षी पृथ्वीराज तिथं आपला पाना ठेवायचा, तोही कडेला. आणि आज सगळ्यांच्या मधोमध टायगर होता. चिखलात माखलेला, पट्ट्यापट्ट्यांचा, पणजोबांच्या गोष्टीतून उठून आल्यासारखा.

लालासाहेबांनी वाकून तो न्याहाळला. चाकं पाहिली, बुरुज पाहिला. मग नळीला कुंकू लावलं आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. पृथ्वीराजचे डोळे भरून आले. श्रद्धाचेही आले.

"पोरी, तुझे उपकार हायत बघ," लालासाहेब तिला म्हणाले. "ह्यो रणगाड्यावर जायाचा म्हणून लहानपणापासनं नाचायचा. मेडिकलला रंगात उडाला. हिरवं, तांबडं, तपकिरी, समदं एकच दिसतं त्याला. मी म्हणायचो, गड्या, तू टँक रंगवणार कसा? पर तू डोळं दिलंस त्याला."

श्रद्धाला एकेक गोष्ट आठवत गेली.

म्हणून त्या बाटल्यांवरची नावं. म्हणून चॉकलेटी ड्रेस. म्हणून ते जवळ येऊन, हळू आवाजात, "हे झाडासारखं दिसतंय का?" ती ज्याला लाडिकपणा समजत होती, ती त्याची नड होती. त्याला रंग ओळखणारं कुणीतरी हवं होतं. ती नसती तर दुसरी कुणीही चालली असती!

तो अंगणात तिच्या मागं आला. "श्रद्धा... मी सांगणार होतो. पर शाळेत पोरं हातात खडू धरून विचारायची, सांग रं ह्यो कुठला... हसायची. मेडिकलनंतर समदा गाव हसला. तुमी हसू नये असं वाटलं."

"मी हसले असते?" तिचा आवाज फुटला. "नुसतं विचारलं असतं तरी रंग सांगितले असते हो मी. भेळ कशाला आणत होता?"

उत्तराला न थांबता तिनं परतीची एसटी पकडली आणि कऱ्हाड येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत राहिली. राग त्याच्यावर होता की स्वतःच्या भोळेपणावर, हेही तिला नीट कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दाराला तोरण, रस्त्यावर सोनं वाटणाऱ्यांची वर्दळ. पार्लर बंद होतं, पण श्रद्धा पुढच्याच खोलीत बाटल्या पुसत बसली होती. हळद, वीट, कढीपत्ता. आतून आई म्हणाली, "इचलकरंजीला काय कळवू गं?"

"सांगते."

"सांगते सांगते म्हणत दिवस मावळला की!"

खरंच उन्हं कलली होती. तिनं उठून म्हणायचं ठरवलं, कळव हो म्हणून. आणि दारात बूट काढल्याचा आवाज आला.

पृथ्वीराज. एका हातात आपट्याची पानं, एका हातात भेळ, बगलेत ते बुटाचं खोकं.

"आता काय?" ती म्हणाली. "पुन्हा रंग गेला?"

"गेला न्हाई. घालवत होतो."

"म्हणजे?"

"स्पिरिटचा बोळा घेऊन. दर शुक्रवारी." तो खोक्याकडं बघून भराभरा बोलत होता, थांबला तर परत जमणार नाही अशा घाईनं. "टायगर श्रावणातच झाला होता वो. पण झाला म्हणलं असतं, तर सांगलीला काय म्हणून आलो असतो? डोळं पायजे होतं, ते खरं हाय. खोटं बोलत न्हाई. पण डोळ्यांचं काम दोन शनिवारात संपलं. म्होरचं समदं... तुमच्यासाठी."

श्रद्धानं हातातली बाटली खाली ठेवली. "म्हणजे माझा रंग टिकत होता?"

"तुमचा रंग घासून घासून माझी बोटं सोलली!"

"आणि मी रात्र रात्र प्रायमर बदलत होते! लबाड कुठले!" ती ओरडली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. मग आठवून म्हणाली, "आणि मी ठरेल म्हटलं तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"भ्यालो. रंग न कळणाऱ्याला कोण पोरगी देतं?" त्यानं खोकं उघडलं. आत टायगर नव्हता. कागदात गुंडाळलेल्या बांगड्या होत्या. "आजवर समदे रंग तुमाला विचारून घेतले. ह्यो एक कुणालाच इचारला न्हाई. कासाराला म्हणलं, तू गप बस, माझा मी काढणार. नवरीला... हिरव्याच लागतात न्हवं?"

श्रद्धानं बांगड्या हातात घेतल्या. उजेडाकडं धरल्या. चक्क तपकिरी होत्या. भिजलेल्या मातीसारख्या, टायगरच्या चाकांवर फासलेल्या चिखलासारख्या.

तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याचा चेहराच उतरला. "चुकलो... व्हय?"

"हो," ती म्हणाली. "तपकिरी आहेत."

तो कागद परत गुंडाळायला लागला. श्रद्धानं त्याचं मनगट धरलं. पहिल्या दिवशी त्यानं तिचं धरलं होतं तसंच, पण या वेळी सोडायची घाई कुणालाच नव्हती.

"तुम्हाला हिरव्या दिसतायत ना?"

"मला तर हिरव्याच दिसत्यात."

"मग झालं तर. बघणारे तुम्हीच आहात."

तिनं एकेक करून बांगड्या हातात चढवल्या आणि हात हलवून त्या किणकिण वाजवून दाखवल्या. आतून आईनं पुन्हा विचारलं, "अगं, काय कळवू त्यांना?"

"नाही म्हणून कळव आई," श्रद्धा मोठ्यानं म्हणाली, "आणि बाहेर ये. भेळ आहे, लवकर ये... अजून ऊन आहे."